एका शून्याची किंमत

मी सातवीत असतानाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. आम्ही बैलगाडीत कापूस भरून मानवतच्या बाजारात आलो. परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे गाड्यांची लांब रांग लागली होती. आमची पाळी आली. आधी भरलेल्या गाडीचे वजन झाले. कापूस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे वजन झाले. वजाबाकी केली, तेव्हा कापूस ६५० किलो भरला.

कारकुनाने पावती दिली. अब्बांना वाचता येत नव्हते. त्यांनी पावती माझ्या हातात दिली. तिच्यावर लिहिले होते : ६.०५ क्विंटल.

"अब्बा, यात एक शून्य जास्त आहे," मी म्हणालो.

अब्बा हसले. म्हणाले, "शून्य जास्त असेल तर आपलाच फायदा ना, बेटा?"

"नाही अब्बा. हे शून्य दशांश चिन्हाच्या लगेच पुढे आहे. १ क्विंटल म्हणजे १०० किलो. ६.५ क्विंटल म्हणजे ६५० किलो, पण ६.०५ क्विंटल म्हणजे फक्त ६०५ किलो!"

आम्ही परत गेलो. कारकुनाने हिशेब तपासला. गर्दीत त्याच्या हातून चूक झाली होती. त्याने पावती दुरुस्त करून दिली.

फरक ४५ किलोंचा, म्हणजे ४५,००० ग्रॅमचा होता. एका बोंडातून साधारण ४ ग्रॅम कापूस निघतो असे धरा. मग तेवढ्या कापसासाठी ११,२५० बोंडे वेचावी लागतात! कापूस वेचताना अम्मीची बोटे ओरबाडून निघत. एक शून्य तिची एवढी मेहनत गिळणार होते.

हा हिशेब मला तोंडी करता आला, तो दशमान पद्धतीमुळे. माझे आजोबा मण, शेर, छटाक यांत मोजत. १६ छटाकांचा शेर आणि ४० शेरांचा मण! शिवाय शेराचे वजन सगळीकडे सारखे नसे. १९५६ साली भारतात वजनमापांचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने व्यवहारात आला.

या पद्धतीत ग्रॅम, मीटर, लिटर अशी नावे आहेत. त्यांच्या आधी एक छोटा शब्द जोडला की माप बदलते. या शब्दाला उपसर्ग म्हणतात. उर्दूत 'कार'च्या आधी 'बे' लावून 'बेकार' होतो, तसेच हे.

डेका म्हणजे दहापट, हेक्टो शंभरपट आणि किलो हजारपट. हे तीन उपसर्ग ग्रीक भाषेतून आले. डेसी म्हणजे दहावा भाग, सेंटी शंभरावा आणि मिली हजारावा भाग. हे तीन लॅटिन भाषेतून आले. हेक्टो आपण सहसा ऐकत नाही, पण तो शेतीच्या सातबाऱ्यावर आहे. १०० आर म्हणजे १ हेक्टर. मोबाइलमुळे ओळखीचे झालेले मेगा आणि गिगाही उपसर्गच आहेत. मेगा म्हणजे दहा लाख पट आणि गिगा म्हणजे शंभर कोटी पट.

क्विंटल हे नाव मात्र उपसर्ग लावून झालेले नाही. अरबीतील 'किंतार' हा शब्द युरोपात गेला आणि 'क्विंटल' होऊन आपल्याकडे आला.

आता मी शिक्षक आहे. दरवर्षी मी फळ्यावर ६.५ आणि ६.०५ हे आकडे लिहितो आणि विचारतो, "फरक किती?" मुलांनो, घरातील मोठ्यांच्या पावत्या तुम्ही वाचून पाहा. शिकलेल्याचा पहिला उपयोग घरच्यांना व्हावा.

शब्दार्थ (उर्दूत)
पाळी – बारी. वजाबाकी – तफरीक. दशांश चिन्ह – आशारिया. वेचणे – चुनना. गिळणे – निगलना. उपसर्ग – साबिका

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पावतीवर कोणती चूक झाली होती?
(आ) अब्बा का हसले?
२. रिकाम्या जागा भरा.
(अ) २.०४ क्विंटल = ...... किलो
(आ) ३ लिटर = ...... मिलिलिटर
३. घरातील एखादी पावती पाहा. तिच्यावरील मापे वहीत लिहा.