सुटलेली पकड

बंधन हा शब्द कोणालाच फारसा आवडत नाही. परंतु आपल्या शरीराचे आरोग्य अगणित सूक्ष्म बंधनांवरच उभे आहे. त्यांतील एक जरी तुटले, तरी केवढा अनर्थ ओढवतो, याचे एक उदाहरण येथे पाहू.

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. ती एकमेकांना धरतात, आवरतात आणि वेळ येताच मोकळी सोडतात. ऑक्सिजनच्या वापरातून, तसेच धुरासारख्या विषारी पदार्थांमुळे, पेशीत काही दाहक रेणू निर्माण होतात. ते वाढले की पेशीवर ताण येतो. अशा वेळी ‘एनआरएफ-२’ नावाचे प्रथिन पेशीकेंद्रात जाऊन संरक्षक द्रव्ये तयार करविते. एरवी मात्र ‘कीप-१’ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते व सतत नष्ट करविते. १९९९ साली जपानमधील मासायुकी यामामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पकड दाखवून दिली.

मग संकट आल्याचे कीप-१ ला कळते कसे? आपल्या खाजन शेतांतील मानशीची दारे आठवा. भरतीचे पाणी चढले की त्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात. कोणी हाक मारावी लागत नाही. तसेच येथे होते. दाहक रेणू कीप-१ मधील गंधकयुक्त घटकांवर आघात करतात आणि त्याचे काम थंडावते. एनआरएफ-२ साचू लागते व पेशीचे रक्षण करते. संकट सरले की कीप-१ चे काम पूर्ववत सुरू होते.

फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१ च्या जनुकातच बिघाड झालेला असतो, असे २००६ साली आढळून आले. तेथे पकड कायमचीच सुटते. संकट असो वा नसो, संरक्षण अहोरात्र चालू राहते. पुष्कळ औषधे व किरणोपचार पेशीवर असाच ताण आणून तिला मारू पाहतात. परंतु ही पेशी त्यांना सहज दाद देत नाही. निरोगी पेशीची ढालच शत्रूच्या हाती पडते! ती सरसकट मोडूनही चालत नाही, कारण निरोगी पेशींनाही तिची गरज असते. संशोधकांपुढील पेच तो हाच.

यातून आपण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. तंबाखूचा धूर फुप्फुसातील पेशींच्या जनुकांत बिघाड घडवितो. म्हणून त्यापासून दूर राहावे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. एखाद्या रुग्णास औषध लागू पडले नाही, की “पथ्य पाळले नसेल”, “धीर सोडला असेल”, असे लोक सहज बोलून जातात. पथ्य आणि धीर यांचे मोल आहेच. पण डोळ्यांस न दिसणारी एखादी पकड सुटली असेल, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? ज्ञानाने आपली जीभ एवढी जरी आवरली, तरी ते सार्थकी लागले असे समजावे.