गाठीचा रक्तपुरवठा आणि शरीराची प्रतिकारशक्ती

कर्करोगाच्या गाठीलाही अन्न व प्राणवायू लागतो. आसपासच्या रक्तवाहिन्यांतून झिरपणाऱ्या पोषणावर ती एक-दोन मिलिमीटरपर्यंतच वाढते. पुढे तिला स्वतःच्या नव्या वाहिन्या लागतात, हा सिद्धांत अमेरिकन शल्यविशारद डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. या वाहिन्या फुटाव्यात म्हणून गाठीतून ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन स्रवते. ते रोखणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. रसद तोडावी म्हणजे शत्रू हटेल, असा त्यामागील विचार होता.

परंतु संरक्षक सैन्यही त्याच वाटेने येते. कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी रक्तातूनच गाठीत पोहोचतात. गाठीतील वाहिन्या मात्र वेड्यावाकड्या व गळक्या असतात. त्यामुळे आतील दाब वाढतो आणि प्राणवायूची टंचाई होते. वाहिनीच्या भिंतीला चिकटून आत शिरण्यासाठी टी-पेशींना जे रेणू लागतात, तेही तेथे कमी असतात. शिवाय शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशींची वाढ व्हीईजीएफमुळे खुंटते. वाहिन्या प्रमाणाबाहेर छाटल्यास प्राणवायू आणखी घटतो. म्हणून ही वाट बंद न करता दुरुस्त करावी, हा विचार आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी व हार्वर्डचे प्राध्यापक डॉ. राकेश जैन यांनी २००१ साली मांडला.

२०२० साली शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ५०१ यकृत-कर्करुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेव्हासिझुमॅबसोबत टी-पेशींवरील लगाम सैल करणारे अ‍ॅटेझोलिझुमॅब दिलेल्या गटात वर्षअखेर सुमारे ६७ टक्के रुग्ण हयात होते. सोराफेनिब गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते.

दोन्ही औषधे महाग आहेत. त्यामुळे ‘एकाने भागणार नाही का?’ असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात, आणि तो रास्तच आहे. मात्र एक औषध वाट सुधारण्यासाठी, तर दुसरे सैन्याला मोकळे करण्यासाठी योजलेले असते. म्हणून खर्चापोटी परस्पर एक वगळू नये. बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका संभवतो. यास्तव यकृताच्या रुग्णांची अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीने तपासणी आधी करून घ्यावी लागते. हा उपचार प्रत्येकास मानवतोच असे नाही. आपल्या रुग्णास तो योग्य आहे काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, आणि खर्चाची अडचण असल्यास तीही उपचार सुरू होण्यापूर्वीच सांगावी, अशी आमची विनंती आहे.