दहावा भाग धरू नका

दिघीच्या टेकडीच्या पायथ्याला वरचा मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. तिथल्या एका चराच्या कामावर मी होतो. वस्ती लागून असल्याने सुरुंग नको, एक्स्कॅव्हेटरला ड्रम कटर लावून कातळ कापायचा, असं ठरलं. लॅबचा रिपोर्ट नीटनेटका होता. बोअरमधून काढलेल्या कोअरची यूसीएस, म्हणजे दाब सोसण्याची ताकद, थरवार दिलेली. ताण सोसण्याची ताकद मात्र मोजलीच नव्हती. हिशेब करणाऱ्यांनी ती यूसीएसचा दहावा भाग धरली आणि त्यावरून मशीन ठरवलं. घट्ट बेसॉल्ट लागला आणि ड्रम अडकू लागला. मग ठेवणीतल्या कोअरवर ताणाची ताकद मोजणारी ब्राझिलियन चाचणी केली. प्रमाण आठव्या भागाच्या आसपास निघालं.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं तेव्हा साइटवर विचारलं गेलं. बरंच होतं. इव्हान्स यांनी १९८४ मध्ये शंकूच्या टोकाच्या पिकसाठी, म्हणजे ड्रमवरच्या कापणाऱ्या दातासाठी, दिलेल्या सूत्रात कापायला लागणारं बल ताणाच्या ताकदीच्या वर्गावर चालतं, आणि यूसीएस चक्क छेदात येते. दहाव्याच्या जागी आठवा भाग म्हणजे ताकद १.२५ पट, बल १.५६ पट. ताणाची ताकद एवढी महत्त्वाची, कारण पिक दगडाचा चुरा करत पुढे जात नाही. पाथरवट पाचर ठोकून शिळा उकलतो, तसं त्याचं टोक दगडाला दोन्हीकडे ढकलतं आणि चीर ताणानं पृष्ठभागाकडे धावते. शिवाय या सूत्रात घर्षण धरलेलं नाही. पिक बोथट झालं की बल आणखी चढतं, म्हणून आलेला आकडा मी किमान समजतो.

थरांची सरासरीही काढू नका. आपल्याकडे गारगोटी भरलेल्या पोकळ्यांचा मऊ थर आणि त्याखालचा घट्ट पाषाण एकाच बोअरमध्ये सापडतात. मशीन निवडायचं ते घट्ट थरावरून.

'ब्राझिलियनसाठी नमुनाच उरला नाही' ही सबब मी आता ऐकून घेत नाही. यूसीएसला ५४ मिमीच्या कोअरचा व्यासाच्या दुपटीहून लांब, सलग तुकडा लागतो. आपल्या तडकलेल्या कातळात तो मिळणं मुश्कील. ब्राझिलियनला व्यासाच्या साधारण निम्म्या जाडीची, २७ मिमीची चकती पुरते. यूसीएससाठी आखूड पडले म्हणून बाजूला टाकलेले तुकडे पेटीतच असतात. थराची खूण करून तेच लॅबला पाठवा.