साय हवी तर गोठ्यावर चला

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: दुधावर साय येत नाही. सुपरमार्केटातलं बहुतेक दूध होमोजनाइज केलेलं असतं. त्यातल्या स्निग्धांशाचे कण इतके बारीक फोडलेले असतात की ते वर तरंगून जमतच नाहीत. महिनोन्‌महिने टिकणारं ‘हा-मिल्श’ घेतलं तर पनीरही धड जमत नाही. म्हणूनच म्युनिक, श्टुटगार्ट परिसरात रुळलेली कुटुंबं नवागतांना गावाबाहेरच्या गोठ्याची वाट दाखवतात.

तिथे शेतकरी ‘रोमिल्श’, म्हणजे निरसं दूध, थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. कायद्याच्या अटी स्पष्ट आहेत. विक्री गोठ्याच्या आवारातच करायची, दूध त्या दिवसाचं किंवा आदल्या दिवसाचं हवं आणि ‘पिण्यापूर्वी उकळा’ ही पाटी ठळक लावायची. घरपोच रतीब मिळत नाही, त्यामुळे शेजारपाजारची घरं आळीपाळीने जातात.

नकाशाच्या ॲपवर ‘मिल्शटांकश्टेले’ शोधलं की जवळचं दुधाचं यंत्र सापडतं. गोठ्यालगतच्या छोट्या खोलीत ते थंडगार दूध सांभाळत उभं असतं. नाणी टाकायची, छोटं दार उघडून बाटली तोटीखाली ठेवायची आणि बटण दाबायचं. दूध फेसाळतं, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. भाव साधारण लिटरला एक ते दीड युरो. दुकानं बंद असतात त्या रविवारीही बरीच यंत्रं चालू असतात. बाटली आपली न्यावी, पण आधी उकळत्या पाण्याने धुऊन, आणि उन्हाळ्यात बर्फाची पिशवी सोबत ठेवावी. गोठ्यात न विचारता शिरू नये; वासरांना खाऊ घालण्याचा मोह मुलांनीही आवरावा.

घरी आल्यावर दूध लगेच तापवायचं. जाड बुडाचं भांडं, मंद आच, मधूनमधून ढवळणं, एक उकळी, मग झाकण न घालता निवू द्यायचं. बव्हेरियातल्या फ्लेकफी गाईंच्या दुधात 4 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सुमारे 7. म्हणजे भाकरीसारखी जाड साय येणार नाही, पण आठवडाभर फ्रिजमध्ये साठवली तर विरजून, घुसळून लोणी आणि घरचं तूप नक्की होतं. खरवसासाठी मात्र यंत्राचा उपयोग नाही. गाय व्यायल्यावरचा चीक विक्रीच्या दुधात मिसळत नाहीत.

‘निरसं दूधच जास्त पौष्टिक’ असं सांगणारे तिथेही भेटतात. त्यांचं ऐकू नये. निरोगी दिसणाऱ्या गाईच्या दुधातही कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया किंवा ‘एहेक’ हा ई-कोलायचा घातक प्रकार असू शकतो. एहेकमुळे लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लिस्टेरियाने पोटातल्या बाळाला धोका पोचतो. दुकानात ‘फोर्त्सुग्समिल्श’ नावाने बाटलीबंद निरसं दूध मिळतं. त्यावर तपासण्या कडक असल्या, तरी तेही उकळूनच वापरावं.

दुसऱ्या देशात गेलात तर आधी तिथला कायदा पाहा. इंग्लंडमध्ये शेतावरून विक्री चालते, स्कॉटलंडमध्ये 1983पासून बंदी आहे. कॅनडातही बंदी आहे. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात: पेनसिल्व्हेनियात परवानाधारक शेतकरी विकू शकतो, शेजारच्या न्यू जर्सीत नाही.

घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर एवढं कराच: गोठ्यावरून आणलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवण्याआधी दूध उकळून घ्या.