गाभ्याला हात न लावता

प्रश्न : माझी मुलगी न्यूकॅसलला असते. ब्रिटिश सरकारच्या एका खात्याचं काम करणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. सध्या काय चाललंय विचारलं की 'प्रोटोटाइप किटसाठी प्लगइन लिहितेय' एवढंच सांगते. मी बँकेतून निवृत्त झालो, एक्सेलपलीकडे माझी मजल नाही. तयार प्रोग्रॅममध्ये बाहेरून भर कशी घालतात? आणि नवं काही आलंय हे मूळ प्रोग्रॅमला कळतं कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न कळीचा आहे. तो सुटला की पहिला आपोआप सुटतो.

मुलगी म्हणते ते बहुधा 'गव्ह-यूके प्रोटोटाइप किट' असावं. ब्रिटनची 'गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस' ते सांभाळते. एखादी सरकारी सेवा प्रत्यक्ष बांधायला घेण्याआधी तिची पानं झटपट उभी करायची, लोकांना वापरायला द्यायची आणि ते कुठे अडखळतात ते पाहायचं, यासाठी हे किट आहे. आतून पाहिलं तर ते जावास्क्रिप्टचं वेब अ‍ॅप्लिकेशन : नोड-जेएसवर चालणारी एक्सप्रेस ही चौकट आणि पानांच्या साच्यांसाठी नन्जक्स.

आता अडचण बघा. किट एक आणि खाती अनेक. करखात्याला, म्हणजे एचएमआरसीला, इंग्रजी-वेल्श भाषाबदलाची सोय लागते. बराच वेळ हालचाल नसेल तर 'आता तुम्हाला साइन आउट केलं जाईल' असा इशाराही लागतो. न्याय मंत्रालयाला तारीख निवडायचं कॅलेंडर हवं असतं. हे सगळं गाभ्यात कोंबलं तर तो कोणालाच पेलणार नाही. प्रत्येक खात्याने गाभ्याची प्रत घेऊन तीत आपल्यापुरते फेरफार केले, तर गाभ्याची नवी आवृत्ती आली की सगळ्यांचे हाल. पूर्वी किट डाउनलोड केलं की त्याच्या फाइल्स आणि आपल्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये नांदायच्या, त्यामुळे अद्ययावत करणं हे जिकिरीचं काम होतं. तेराव्या आवृत्तीपासून किट स्वतःच एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसच्या सामायिक भांडारातून, येणारं पॅकेज झालं आणि प्रकल्पात फक्त आपलं लिखाण उरलं. माझ्या मते किटच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

मग गाभ्याला कळतं कसं? किट सुरू होताना प्रकल्पाची 'पॅकेज-जेसन' ही फाइल वाचतं. कोणती पॅकेजेस बसवली आहेत त्याची यादी तिथे असते. प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरमध्ये ते एकच गोष्ट शोधतं : 'गव्हयूके-प्रोटोटाइप-किट-कॉन्फिग' नावाची जेसन फाइल. ती सापडली की ते पॅकेज प्लगइन ठरतं. या फाइलमध्ये एकही आज्ञा नसते, नुसते पत्ते असतात. 'स्टाइलशीट्स'पुढे रंगरूपाच्या फाइल्स, 'स्क्रिप्ट्स'पुढे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, 'नन्जक्सपाथ्स'पुढे साचे ठेवलेला फोल्डर, 'टेम्प्लेट्स'पुढे वापरणाऱ्याला आयती मिळणारी पानं. ही यादी वाचून किट प्रत्येक पानात लागणारे दुवे स्वतः घालतं. प्लगइनच्या फाइल्स ब्राउझरला ज्या पत्त्यावर मिळतात, त्यात आधी 'प्लगइन-अ‍ॅसेट्स' आणि मग त्या पॅकेजचं नाव असतं. त्यामुळे दोन खात्यांच्या फाइल्सची नावं सारखी असली तरी गोंधळ होत नाही.

म्हणजे भर घालणाऱ्याने गाभ्यात शिरायचं नसतं. कोणत्या जागा मोकळ्या आहेत हे गाभ्याने आधीच जाहीर केलेलं असतं, आणि प्लगइनने त्यांतल्या आपण कोणत्या भरणार ते सांगायचं असतं. किटच्या व्यवस्थापन पानावर डिझायनर एक बटण दाबून प्लगइन बसवतो, नको असेल तर काढतो, ते यामुळेच.

पण एक सावधगिरी सांगायलाच हवी. पत्त्यांची यादी निरुपद्रवी असली तरी त्या पत्त्यांवरचा कोड हा कोडच असतो, आणि त्याला वेगळ्या कुंपणात कोणी ठेवत नाही. शिवाय आपलं काम दुसऱ्याच्या पॅकेजवर उभं राहतं. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी अडली, शेवटी ते परत ठेवावं लागलं. म्हणून कोणाचं प्लगइन बसवतोय हे पाहणं हा कामाचाच भाग आहे.

तुमच्या मुलीचा दिवस साधारण असा जात असेल : साचा लिहायचा, कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा पत्ता नोंदवायचा, आपल्याच संगणकावरच्या चाचणी प्रकल्पात प्लगइन बसवायचं, पान उघडून बघायचं, पुन्हा दुरुस्त करायचं. प्लगइन एनपीएमवर प्रकाशित झालं की काम खरं अवघड होतं. एकदा दिलेलं साच्याचं नाव मग सहज बदलता येत नाही, कारण कुठल्या तरी खात्यातल्या डिझायनरच्या पानांत ते नाव लिहिलेलं असतं. बदलायचंच ठरलं तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायचा आणि काय मोडेल ते स्पष्ट लिहायचं, हा रिवाज आहे. पुढच्या व्हिडिओ कॉलवर तिला ती कॉन्फिग फाइल उघडायला सांगा. बँकेतली खातेवही वाचलेल्या माणसाला ती नक्की वाचता येईल.