दिवसा ऊन, रात्री गारठा: फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत पिकं सांभाळताना

माघ सरत आला की थंडीचा जोर ओसरतो आणि होळी पेटली की ती जातेच, असा आपला सगळ्यांचा हिशेब असतो. काही वर्षी मात्र तो चुकतो. 2012 आणि 2019 या दोन्ही वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिक परिसरात पारा 5 अंशांच्या खाली उतरला होता. अशी उशिराची थंडी ओळखायला सोपी असते. आभाळात ढगाचा ठिपका नाही, दुपारी सावली शोधावी असं ऊन, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि पहाटे ठिबकचा कॉक फिरवताना बोटं बधिर होतात.

या दिवसांत सगळ्यांचं लक्ष पहाटेच्या आकड्याकडे असतं. माझं सांगणं असं की त्याच्या जोडीने दुपारचा आकडाही लिहून ठेवा. पहाटे 7 आणि दुपारी 31 अंश, म्हणजे पीक एका दिवसात 24 अंशांची चढउतार सोसतं आहे. बहुतेक नुकसान या तफावतीने आणि कोरड्या हवेने होतं, आणि त्यावर बाटलीतल्या औषधापेक्षा पाण्याची वेळ आणि मात्रा जास्त कामाची ठरते.

हे घडतं कसं, ते आधी पाहू. पश्चिमी विक्षोभ उत्तरेतून पुढे सरकला की त्याच्यामागून कोरडे, गार वारे महाराष्ट्रात उतरतात. दिवसभर जमीन तापते, पण रात्री ती उष्णता अडवायला वर ढगांची गोधडी नसते आणि हवेत बाष्पही नसतं. मग जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. वारा पडला की जमिनीलगतची हवा आणखी थंड होते, जड होते आणि उताराने वाहत खोलगट जागी जाऊन साचते. म्हणून एकाच शिवारात माळावरचा प्लॉट सुखरूप असतो आणि ओढ्याकाठचा गारठतो. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातलं निफाड राज्यात सर्वात थंड ठिकाणांमध्ये गणलं जातं, त्यात अशा सखल जागेचाही वाटा आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा बातम्यांत येतो खरा, पण तुमच्या सखल वावरातला आकडा त्याहून वेगळा असू शकतो. दीड-दोनशे रुपयांचा साधा थर्मामीटर बागेत घडांच्या उंचीवर टांगला तर निर्णय अंदाजावर घ्यावे लागत नाहीत.

आता पाण्याचं. ओलसर, बसलेली जमीन दिवसाची उष्णता खोलवर मुरवते आणि रात्रभर हळूहळू सोडते. कोरडी, भुसभुशीत जमीन वरवर तापते आणि तितक्याच लवकर गार होते. म्हणून गारठ्याचा अंदाज असेल त्या आठवड्यात बागेत रोटाव्हेटर फिरवू नका, कोळपणीही पुढे ढकला. जमीन पूर्ण कोरडी पडू देऊ नका. पाणी शक्यतो विहिरीचं किंवा बोअरचं द्या. पहाटे विहिरीवर वाफ दिसते, कारण ते पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. शेततळ्याचं पाणी उघड्यावर रात्रभर गार झालेलं असतं, ते द्यायचं तर दुपारनंतर द्या. पाचटाचं आच्छादन आधीपासून असेल तर काढू नका. रात्री ते जमिनीची ऊब वर येऊ देत नाही हे खरं, पण इतक्या कोरड्या हवेत ओल टिकवण्याचा त्याचा फायदा मोठा आहे. नवं पसरायचं असेल तर मात्र गारठा ओसरेपर्यंत थांबा.

इथे एक फसगत होते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास झाडं मलूल दिसतात आणि आपण लगेच मोटर चालू करतो. पण जमीन अजून गार असते, गार जमिनीत मुळं सावकाश पाणी उचलतात, आणि वर कडक ऊन व कोरडी हवा पानांतून भराभर पाणी ओढते. जमिनीत ओल असूनही पान कोमेजतं, ते यामुळे. कॉक उघडण्याआधी मुळाजवळ वीतभर खोल माती काढा आणि मुठीत दाबा. काळ्या जमिनीत गोळा बनला, बोटाने ढकलल्यावर फुटला नाही, तर पाण्याची गरज नाही. गोळा हलक्या दाबाने भुगा होत असेल तर द्या. नुसत्या पानांकडे पाहून दिलेलं जादा पाणी मुळांचा श्वास कोंडतं.

द्राक्षबागेत या हवेचा फटका सर्वात आधी दिसतो, आणि पैसाही तिथेच जास्त अडकलेला असतो. मण्यांत पाणी उतरत असताना रात्री पारा 8 ते 10 अंशांखाली आणि दुपारी तिशीच्या पुढे गेला की थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका अशा हिरव्या वाणांच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. हीच पिंक बेरी. चवीला मणी चांगलाच असतो, पण हिरव्या मालाच्या निर्यातीत तो घड बाजूला काढला जातो. शरद सीडलेससारख्या रंगीत वाणाला मात्र याच थंड रात्री रंग भरायला मदत करतात, तेव्हा शेजाऱ्याची काळी बाग खुलली म्हणून आपल्या हिरव्या बागेबद्दल निश्चिंत राहू नका. खात्रीचा उपाय एकच, घडांना कागद लावणं, आणि तोही पाणी उतरायच्या आधी. गुलाबी छटा एकदा आली की कुठल्याही फवारणीने जात नाही. मजूर कमी असतील तर बांधाकडच्या ओळी, सखल कोपरा आणि पानांची सावली नसलेले घड आधी झाका. या दिवसांत घडांसमोरची पानं काढण्याचा मोह टाळा.

दुसरा धोका मणी तडकण्याचा. चार दिवस ताण आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी, असं झालं की फुगणाऱ्या मण्याची साल दाब सोसत नाही. रोज थोडं, ठरलेल्या वेळी द्या. थंडीपासून वाचवायचं म्हणून काढणीला आलेल्या बागेत पाट भरून पाणी सोडू नका. त्यापेक्षा रात्री ठिबक थोडा वेळ चालवलेलं बरं.

तिसरी भुरी. केवड्याला पान ओलं लागतं, म्हणून कोरड्या हवेत तो मागे हटतो. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पाण्याचा थेंब लागत नाही, त्यामुळे वरून कोरड्या दिसणाऱ्या दाट बागेत ती आतून चढते. ओलांड्याजवळच्या, सावलीतल्या घडाचा देठ आणि मण्यांची मागची बाजू भिंगाने पाहा. काढणीला अवकाश असेल तर पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात चालतं, पण दुपारच्या उन्हात मारू नका, आणि मण्यांत पाणी उतरल्यानंतर त्याचे डाग पडतात हे लक्षात ठेवा. काढणी जवळ असेल तर प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी पाहूनच हात घाला. उर्वरित अंशावरून परत आलेल्या कंटेनरची किंमत भुरीपेक्षा मोठी असते.

शेकोट्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. धुराने थंडी अडते हा समज पूर्ण खरा नाही. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि तिने हलणाऱ्या हवेचा, आणि तोही थोडाच. पेटवायच्याच तर एक मोठा जाळ न करता वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर लहान लहान, पहाटेच्या आधी पेटवा. टायर, प्लास्टिक, जुना मल्चिंग पेपर अजिबात जाळू नका. ती काजळी घडांवर बसते आणि तुमच्या घरच्यांच्या छातीतही.

थंडीत साखर सावकाश भरते. व्यापारी दारात उभा आहे म्हणून कमी गोडीचा माल तोडू नका. ओळीच्या दोन्ही टोकांचे, उन्हातले आणि सावलीतले असे वेगवेगळे घड घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर पाहा.

कोकणात हापूसच्या बागायतदाराची चिंता वेगळी. फेब्रुवारीत थंडी लांबली की फळ धरलेल्या काडीवर नव्याने मोहोर फुटतो. हा पुनर्मोहोर झाडाचं अन्न स्वतःकडे ओढतो आणि आधी धरलेली कणी आणि वाटाण्याएवढी फळं गळून पडतात. झाडाखाली पिवळ्या पडलेल्या कण्यांचा सडा आणि वर टवटवीत मोहोर हे दृश्य पाहून काळीज तुटतं, कारण पहिल्या मोहोराचा आंबाच बाजारात लवकर जातो आणि भाव घेतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावरची शिफारस आहे जिबरेलिक ॲसिड 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी त्यानंतर 15 दिवसांनी. पुनर्मोहोर बाहेर पडल्यावर मारून तो परत जात नाही, म्हणून वेळ चुकवू नका. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. फळं वाटाण्याएवढी झाली की पाण्याची सोय असलेल्यांनी मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर पाणी दर 15 दिवसांनी, तीन-चार वेळा द्यावं आणि आळ्यात गवताचं आच्छादन घालावं. 1 टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणीही गळ कमी करते. मोहोरावर भुरी आणि तुडतुड्यांची पाहणी चालू ठेवा, पण मोहोर भरात असताना सकाळी कीटकनाशक मारू नका. गार सकाळी मधमाश्या उशिरा निघतात आणि त्यांना मोजकेच तास मिळतात.

गव्हाला ही थंडी म्हणजे वरदानच. दाणा भरायला जास्त दिवस मिळतात, आणि उशिरा पेरलेल्या गव्हाला तर दुप्पट फायदा. दाणा चिकात असताना, पेरणीनंतर 80 ते 85 दिवसांच्या आसपासचं पाणी चुकवू नका, फक्त वारा सुटलेल्या दिवशी देऊ नका, पीक लोळतं. घाटे वाळलेला हरभरा कोरड्या हवेत दुपारी तडकतो, तो सकाळच्या गारव्यातच काढा.

उन्हाळ कांद्यात कोरड्या हवेमुळे फुलकिडे वाढतात. पानाच्या बेचक्यात, आतल्या कोवळ्या पानांत पाहा. पांढुरके चट्टे दिसण्याआधी निळे चिकट सापळे लावा. थंडीने काही रोपांना डेंगळे येतील. ते मोडल्याने कांदा सुधारत नाही, असे कांदे साठवणुकीला टिकत नाहीत, काढणीत वेगळे काढून आधी विका. आणि वाढ थांबल्यासारखी दिसते म्हणून लागवडीला 60 दिवस झाल्यावर युरिया टाकू नका. तो कांदा चाळीत सडतो.

खानदेशात, रावेर-यावल भागात, केळीची वाढ 10 अंशांखाली थांबते, पान पिवळं पडतं, निसवणारा घड पोग्यात अडकतो. बांधाला वाराप्रतिबंधक शेवरी किंवा गजराज गवत असेल तर फरक कळतो. रात्रीचं पाणी आणि घडांना स्कर्टिंग बॅग हे तिथले रुळलेले उपाय आहेत.

कलिंगड-खरबुजावर क्रॉप कव्हर असेल तर राहू द्या, मात्र मादी फुलं दिसू लागली की काढा, नाहीतर परागीभवन होणार नाही. रोपवाटिकेवरचं प्लास्टिक सूर्य वर येताच उचला, दुपारपर्यंत आत भट्टी होते. मक्याची पानं जांभळी पडली तर घाबरू नका. गार जमिनीत मुळं स्फुरद उचलत नाहीत. ऊब आली की नवं पान हिरवं येतं. या दिवसांत थंडीवरचं टॉनिक म्हणून जे काही खपवलं जातं, ते घेण्याऐवजी पैसे खिशात ठेवा.

गोठ्याला उत्तरेकडून पोती लावा, वासरं-करडं कोरड्या जागी बांधा, आणि सकाळी जनावरांना हौदातलं गार पाणी न देता विहिरीचं ताजं द्या.

शेवटचं पिकाचं नाही, तुमचं. थ्री-फेजची वीज रात्रीची असली की माणूस एकटाच पंपावर जातो. नाशिक-नगरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे, गारठ्यात हातपाय जड होतात, ओल्या हातांनी स्टार्टरला स्पर्श होतो. दोघे मिळून जा, बॅटरी आणि काठी बरोबर घ्या, पायात रबरी बूट घाला. जमत असेल तर ऑटोस्टार्टर आणि टायमर लावून घ्या आणि पहाटे पाणी पोहोचलं की नाही ते उजाडल्यावर पाहा.