मलूल ऑर्किड पुन्हा कसे सावरावे?



कुंडीतील ऑर्किडची पाने सुरकुतली की बहुतेक जण पाणी वाढवतात आणि तिथेच झाड हातचे जाते. पाने सुरकुतण्याचे कारण पुष्कळदा पाण्याची टंचाई नसून जादा पाण्याने कुजलेली मुळे हे असते. मुळेच नसतील तर कुंडीतले पाणी पानांपर्यंत पोहोचणार कसे? म्हणून उपचार मुळांपासून सुरू करावा. चाकण परिसरातील कार्यालयांना शोभेच्या कुंड्या पुरविणाऱ्या रोपवाटिकाधारकांनी परत आलेली झाडे टाकण्यापूर्वी हे अवश्य करून पाहावे.

मुळांचा स्वभाव

राजगुरुनगरच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या जंगलात आमरी, म्हणजेच ऑर्किड, झाडांच्या फांद्यांवर वाढते. ती बांडगुळासारखा झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. तिच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी झटकन टिपते आणि वाऱ्याने लवकर सुकते. बाजारात मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिस व डेंड्रोबियम यांची प्रकृतीही अशीच आहे. मातीत लावल्यास त्यांची मुळे गुदमरतात.

उपचार

१. झाड कुंडीतून काढून मुळे धुवावीत. टणक, पांढरट व भिजल्यावर हिरवी दिसणारी मुळे निरोगी समजावीत. तपकिरी, पोकळ, दाबताच साल सुटणारी मुळे कुजलेली असतात.

२. कात्री ज्योतीवर तापवून, थंड करून कुजलेली मुळे कापावीत. कापलेल्या टोकांनाच दालचिनीची पूड लावावी. फुलांचा दांडा असल्यास तोही काढावा.

३. माती अजिबात वापरू नये. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे व भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरावेत. कुंडी मुळे मावतील एवढीच, भरपूर छिद्रांची घ्यावी.

४. चार-पाच दिवस पाणी देऊ नये. सकाळी फक्त हवेत तुषार सोडावेत. नंतर मुळे पांढरट दिसतील तेव्हाच पाणी द्यावे. फॅलेनॉप्सिसच्या पोंग्यात पाणी साचू देऊ नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास साठविलेले पावसाचे पाणी उत्तम.

५. फॅलेनॉप्सिसला ७५ टक्के, तर डेंड्रोबियमला ५० टक्के सावलीची शेडनेट वापरावी. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या वाऱ्यापासून जपावे व जमीन ओली ठेवून हवेत दमटपणा राखावा.

६. नवीन मूळ दिसेपर्यंत खत देऊ नये. त्यानंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा द्यावे.

नवीन मुळे फुटण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. फुलांसाठी वर्षभरही थांबावे लागेल. मात्र फॅलेनॉप्सिसचा पोंगाच काळा पडून कुजला असेल, तर झाड सहसा वाचत नाही. असे झाड इतरांपासून लगेच वेगळे करावे.

मेलेल्या झाडाच्या जागी जंगलातील आमरी उपटून आणू नये. भीमाशंकर हे अभयारण्य असून तेथील वनस्पती काढणे गुन्हा आहे. नवीन लागवडीसाठी ऊतिसंवर्धित रोपेच घ्यावीत.